पहिल्या हाकेला ओ

भाड्यानं खोली बघायला गेल्यावर घरमालक काय विचारतो? नोकरी कुठं, माणसं किती, मच्छी शिजवता का. आमच्या सरांनी यातलं काहीएक विचारलं नाही. सिल्वासाजवळच्या डोकमर्डीतल्या त्या बैठ्या घराच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला चष्म्याच्या वरून निरखलं आणि म्हणाले, "तुम्ही कितव्या हाकेला ओ देता?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. तो खानदेशातला, त्याला काय कळणार? मी रत्नागिरीकडची. मला बरोबर कळलं. आमच्याकडे तिन्हीसांजेला बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. बाहेर जे काही फिरत असतं ते ओळखीचा आवाज काढतं, पण त्याला तिसरी हाक मारता येत नाही. पहिलीला ओ दिलीत की गेलात तुम्ही त्याच्यामागून. हे आईनं शिकवलं, आईला तिच्या आईनं. खरं-खोटं बघायला कुणी गेलेलं नाही, कारण कुणी पहिल्या हाकेला ओ दिलेलीच नाही.

"तिसऱ्या," मी म्हटलं.

"मग जमायचं नाही," सर म्हणाले. "या घरात पहिल्या हाकेला ओ द्यावी लागते. कुणीही मारू दे. कुठल्याही वेळी."

मला रागच आला. सिल्वासात तेव्हा कारखाने असे उगवत होते की खोली मिळणं मुश्कील झालेलं. नवऱ्याला गलोंड्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियनची नोकरी, मला इथल्या मराठी शाळेत. खोली हातची घालवायला नवरा तयार नव्हता. तो पटकन म्हणाला, "देऊ की सर. त्यात काय?" तेवढ्यात मला मागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. वळून बघते तर एक गोऱ्या, वाळक्या बाई अगदी माझ्या पाठीला लागून उभ्या. कधी आल्या पत्ताच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी "तिसऱ्या" म्हटलं ते त्यांनी ऐकलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्या सरांच्या बायको. आम्ही त्यांना काकू म्हणायला लागलो.

सर विज्ञानाचे शिक्षक. मी लागले त्याच शाळेतून ते निवृत्त झालेले. मूळ मालवणकडचे, पण पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा ते इथं आले आणि इथलेच झाले. त्यांची मतं इतकी होती की सकाळी पाणी भरायला गेलं तरी एखादं बादलीत पडायचं. विज्ञान म्हणजे काय, तर विचारलं की उत्तर आलं पाहिजे. मंत्राला उत्तर येत नाही, लिटमसला येतं, म्हणून लिटमस खरा. हक्कांबद्दल बोलायला लागले की टेबलावर बोट आपटायचे. "मत द्यायचा हक्क माणसाला मोठं झाल्यावर मिळतो. ओ मिळायचा हक्क जन्मल्याबरोबर. पोर पहिला आवाज काढतं ती हाक असते." आणि भाषा? सिल्वासात सकाळपासून चार भाषा दारावरून जायच्या. सर म्हणायचे, "हाकेला भाषा असते, ओला नसते. म्हणून मला सगळं चालतं."

आणि खरंच चालायचं. भाजीवाली गुजरातीतून ओरडत आली की सर ओट्यावरून खणखणीत "ओ!" बाई टोपली उतरवायची. सर शांतपणे सांगायचे, "घ्यायचं काही नाही. ओ दिली, एवढंच." ती माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची. "रोज ओ करे, ने कंई ले नई!" कारखान्याचा भोंगा झाला, ओ. टीव्हीवर बातम्या देणारी बाई नमस्कार म्हणाली, ओ. शाळेतल्या जुन्या बाई सांगायच्या, सर हजेरी घ्यायचे तेव्हा गैरहजर पोराचं नावसुद्धा रिकामं जाऊ द्यायचे नाहीत. शेजारच्यानं त्याच्यासाठी ओ द्यायची. कुणीच दिली नाही तर सर स्वतः द्यायचे आणि मग पुढचं नाव घ्यायचे.

सुरुवातीला आम्ही हसायचो. नवरा तर घरात नक्कल करायचा. कुकरची शिट्टी झाली की तो पलंगावरून "ओ" म्हणायचा.

मग एकदा दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सर ओट्यावर पेपर वाचत बसलेले. वाचता वाचता, मान वर न करता ते म्हणाले, "ओ." थांबले. जरा वेळानं "बरं" म्हणाले आणि पान उलटलं.

माझ्या हातातली साडी तशीच राहिली. "कोण होतं, सर?"

"कुणास ठाऊक. नीट ऐकू आलं नाही."

"मग ओ कशाला दिलीत?"

"नीट ऐकू आलं नाही म्हणूनच," ते म्हणाले, जसं काही मीच वर्गात मूर्खासारखा प्रश्न विचारला होता.

त्या दिवसापासून नवऱ्यानं नक्कल केली की मी त्याला गप्प करायची.

काकूंची तऱ्हा उलटी. त्या हाकेला यायच्या, पण ओ द्यायच्या नाहीत. मी "काकू, जरा विरजण द्या" म्हणून हाक मारायची. उत्तर नाही. पुन्हा मारायला तोंड उघडावं तर विरजणाची वाटी घेऊन त्या मागे उभ्या. किती वेळा माझ्या हातून काहीतरी सांडलं असेल! बोलायच्या छान, अळूच्या फदफद्यापासून माझ्या सासूपर्यंत सगळं बोलायच्या. फक्त हाकेला ओ नाही. सरांनी हाक मारली तरी नाही. घरात एक माणूस सगळ्या जगाला ओ देतंय आणि दुसरं कुणालाच नाही, असा तो संसार होता.

आणखी एक गोष्ट मला खटकायची. तिन्हीसांजेला दिवा लावला की मागचं दार लावायचं असतं, लक्ष्मी मागच्या दारानं जाते म्हणतात. या घराचं मागचं दार नेमकं त्या वेळी सताड उघडं. मागे पेरूचं झाड, त्याच्यापलीकडे बांबूचं बेट. काकू देवापाशी बसायच्या त्या दाराकडे पाठ करून, आणि सर ओट्यावर, कान तिकडे लावून. अंधार पडेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत.

शेवटी मला सांगितलं ते पलीकडच्या खोलीतल्या वहिनीनं. ती नंदुरबारकडची, आमच्या आधीपासूनची भाडेकरू. "ताई, तुमले माहीत नही का?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, मला कळावं म्हणून थोडं माझ्या मराठीत, थोडं तिच्या अहिराणीत सांगायला लागली. सरांना एक मुलगा होता. आठ-नऊ वर्षांचा. एका संध्याकाळी तो मागे पेरू काढायला गेला आणि बांबूच्या बेटाशी त्याला साप चावला. "त्यानी एकच हाक मारी. आई म्हणीसन. आन् बाई बसनी देवापाशी, दुसऱ्या हाकेची वाट बघत." सर शाळेत होते. दुसरी हाक आलीच नाही. बाई उठून गेल्या तेव्हा उशीर झाला होता.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि रडले. काकूंच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. माझ्या आईनं तेच केलं असतं. चूक म्हणायची तरी कुणाची? तेव्हा मला त्या पहिल्या दिवशीची काकूंची नजर कळली. त्यांना माझ्यात स्वतःची तरुणपणची आवृत्ती दिसली होती आणि ती त्यांना घरात यायला नको होती.

सरांनी बायकोला कधी एका शब्दानं दोष दिला नाही, असं वहिनी म्हणाली. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक हाकेला ओ द्यायला सुरुवात केली. आणि दोघांनी ते घर सोडलं नाही. मुंबईला सरांचा एक भाचा होता, चांगला होता बिचारा. तो दर दिवाळीला येऊन मागे लागायचा, मामा, चला आता, इथं कोण आहे तुमचं, जागेला भाव आलाय. सर त्याला एकच सांगायचे. "हाक इथं मारलेली आहे. तो परत मारेल तर इथंच मारेल. कुणीतरी असायला पाहिजे."

विज्ञानाचा शिक्षक हे बोलायचा, आणि सरळ आवाजात. मी एकदा धीर करून म्हटलं, सर, विज्ञानात हे बसतं का? ते म्हणाले, "प्रयोग अर्धवट राहिलाय, बाई. अर्धवट प्रयोगाचा निष्कर्ष काढत नाहीत."

मग फोन आला. सरांनी कधीचा अर्ज केला होता, तो नव्वदनंतर कधीतरी लागला. सरांना फोन फार आवडला. यंत्राला हाक मारता येते ही त्यांना विज्ञानाची कमाल वाटायची. घंटी वाजली की ते अंगावर साबण असताना टॉवेल गुंडाळून धावायचे. हॅलो म्हणायचे नाहीत, ओ म्हणायचे. राँग नंबरवाल्यांनाही ओ म्हणायचे आणि त्यांची विचारपूस करायचे. आमच्याकडच्या लाइनी तेव्हा अशा की सामरवरणीला लावलेला फोन वापीत लागायचा, त्यामुळे विचारपूस बरीच व्हायची.

त्याच सुमारास काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं, भाच्यानं सगळी सोय केली. जायचं म्हणजे तीन-चार दिवस घर बंद. सर अडून बसले. संध्याकाळी इथं ओ कोण देणार? भाचा माझ्याकडे आला, हात जोडून. मी म्हटलं, मी बसेन ओट्यावर रोज दिवेलागणीला, हाक आली तर ओ देईन. पहिलीला? पहिलीला. सरांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

"आणि फोन?" सर म्हणाले. फोन आतल्या खोलीत होता, आणि ती खोली भाच्याला कुलूप लावूनच ठेवायची होती, तिथं कपाट होतं. तेव्हा त्यानं मुंबईहून आणलेलं एक यंत्र जोडलं. आन्सरिंग मशीन. आत कॅसेट, कुणी फोन उचलला नाही तर यंत्र उचलणार, तुमचा टेप केलेला आवाज ऐकवणार आणि पलीकडच्याचा निरोप टिपून ठेवणार.

यावर सरांनी जो तमाशा केला! आम्ही सगळे भाडेकरू ओट्याशी जमलो होतो. "मी नसताना माझा आवाज बोलणार? माझ्या आवाजावर माझा हक्क आहे की त्या डबीचा? ही खोटी सही झाली." भाचा म्हणाला, "मामा, सगळं जग वापरतं." सर म्हणाले, "पलीकडच्याचा आवाज त्याला न विचारता टिपायचा, ही चोरी." मग त्यांनी विचारलं, हे किती घंट्यांनी ओ देतं? भाच्यानं सांगितलं, चार. सर माझ्याकडे वळले. "चार! हे तर तुमच्याच गावचं दिसतंय."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

शेवटी ते तयार झाले, कारण काकूंना दिसेनासं झालं होतं. भाच्याचं म्हणणं, इंग्रजीतून टेप करा, तशी पद्धत आहे. सर म्हणाले, "हाक मारणारा घाबरलेला असतो. त्याला इंग्रजी कशाला ऐकवायची?" त्यांनी तोंड यंत्राजवळ नेलं आणि दोनच शब्द टेप केले. "ओ. बोल."

दोघं मुंबईला गेली. पहिल्या संध्याकाळी काही झालं नाही. भाजीवाली आली, मी ओ दिली, आणि लाजेकाजेस्तव अर्धा किलो गवार घेतली. दुसऱ्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. नवरा शिफ्टला. माझी लेक तेव्हा सात वर्षांची, ती माझ्या मांडीला टेकून तेराचा पाढा घोकत होती. दिवे लागायला आले होते. आणि आत कुलपामागे फोन वाजायला लागला.

एक, दोन, तीन, चार. थांबला. आणि रिकाम्या घरातून सरांचा आवाज आला, "ओ. बोल."

मला माहीत होतं की ते यंत्र आहे. माझ्यासमोर टेप केलेलं. तरी मी वळून कुलूप बघून घेतलं. लेकीचा पाढा थांबला. ती म्हणाली, "सर आत आहेत?" मी तिचा हात घट्ट धरला. आतून पुढं काही ऐकू आलं नाही. नुसती एक बारीक घरघर, मग खट्. मी लेकीला म्हटलं, म्हण पुढं, तेरा साते. दिवा लावून आम्ही घरात गेलो आणि नवरा येईपर्यंत मी रेडिओ मोठा लावून ठेवला.

ते परतले तेव्हा सकाळ होती. काकूंच्या डोळ्याला हिरवं फडकं. भाचा त्यांना सोडून वापीला गाडी गाठायला गेला. सरांनी मला बोलावून घेतलं. ओट्याचा अहवाल द्यायचा होता. मी गवारीसकट दिला. ते समाधानानं मान डोलवत यंत्राकडे गेले. "बघू याला काय जमलंय." त्यांनी बटण दाबलं.

एक गुजराती माणूस दोनदा हॅलो म्हणाला आणि त्यानं वैतागून फोन ठेवून दिला. मग घरघर. बराच वेळ घरघर. सर बटणाकडे हात नेत होते.

"आई."

लहान मुलाचा आवाज. घाबरलेला नव्हता. पोर खेळून घरात येतं आणि आई कुठल्या खोलीत आहे ते बघायला जशी हाक मारतं, तसा. एकदाच.

"ओ," काकू म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत मी त्यांची ओ पहिल्यांदा ऐकली. हिरव्या फडक्यामागून चाचपडत त्या यंत्राकडे वळल्या होत्या आणि दोन्ही हात पुढं केले होते. माझ्याशी कधी न बोललेल्या मालवणीत त्या म्हणाल्या, "ओ रे बाळा. मी हंयच आसंय."

टेप घरघरत राहिली आणि संपली. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी तिथून निघून आले. अशा वेळी परक्या माणसानं थांबू नये.

नवऱ्यानं रात्री जेवताना सांगून टाकलं, क्रॉस कनेक्शन लागलं असेल, इथं काय नवीन आहे? मला ते पटलं नाही. माझा वेगळाच अंदाज होता. हे सरांनीच केलं. एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या पोराला तयार करून, मुंबईहून फोन लावायला सांगून. बायकोच्या छातीवरचा धोंडा उतरवायला. आवाजाच्या हक्काचे एवढे गोडवे गाणाऱ्या माणसानं तिच्यासाठी स्वतःचा नियम मोडला, असं माझ्या मनात पक्कं बसलं. आणि सरांबद्दल मला जी माया वाटली ती आधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाजीवाली माझ्या दारात आली. "मास्तर मांदा छे के?" सरांनी तिच्या हाकेला ओ दिली नव्हती. तेव्हा माझ्याही लक्षात आलं की भोंग्यालाही आज सरांची ओ ऐकू आली नव्हती. मी घाबरून गेले. संध्याकाळ व्हायला आली होती. सर ओट्यावर खुर्चीत बसलेले, चेहरा असा मोकळा की मी त्यांना ओळखलं नसतं.

"बरं नाही का, सर?"

"ठणठणीत आहे."

"ओ दिली नाहीत आज कुणाला."

"आता तिनं दिली," ते म्हणाले. "ती ओ तिचीच होती. मी इतकी वर्षं तिच्या जागी बदलीवर होतो." मग त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली आणि आवाज हळू केला. "बरं झालं आलात. तुमचे आभार मानायचे राहिलेत. असल्या गोष्टीची मला चीड आहे, तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या नावानं हाक मारणं म्हणजे गुन्हाच. पण या वेळी मी काही म्हणणार नाही. तुमच्या लेकीचा आवाज होता ना?"

"सर, लेक माझ्याजवळ बसली होती. इथंच, या पायरीवर. पाढे म्हणत होती."

"मग कुणाकडून करवलंत?"

"मला वाटलं तुम्ही करवलंत."

सरांनी चष्मा काढला. "मी?" ते म्हणाले. "त्याच्या नावानं? मी?"

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग सर वर्गातल्या आवाजात म्हणाले, "क्रॉस लागला असणार. सामरवरणीचं कुठलं तरी पोर."

"हो," मी म्हटलं. "क्रॉसच."

"असणारच," सर म्हणाले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही उत्तर मला ठाऊक आहे आणि त्यांना नाही.

उजेड जात चालला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. फोन वाजला नव्हता. मी कानांत प्राण आणून बसले होते, आणि शपथेवर सांगते, कुठंही काहीही आवाज झाला नव्हता.

आत देवापाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "ओ."

त्या उठल्याचं आम्हाला ऐकू आलं. "येतंय रे," त्या म्हणाल्या, आणि त्यांची पावलं मागच्या दाराकडे गेली.

मी उठायला लागले. सरांनी माझं मनगट धरलं.

"थांबा," ते कुजबुजले. "दुसरी येऊ दे."